प्रार्थनेच्या वाटा अनेक, पण ऐकण्याला पारख हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत अलीकडे एका गृहस्थांचे पत्र आले होते. त्यांच्या घराजवळ दर आठवड्याला ख्रिस्ती प्रार्थनासभा भरते. तिथला लाउडस्पीकर, हुंदके आणि मोठमोठ्याने केलेली मागणी ऐकून त्यांनी लिहिले होते की ख्रिस्ती माणसाला देवाकडे मागणे तेवढे ठाऊक असते. ध्यान, नामस्मरण, मौन यांना त्या धर्मात जागाच नाही. लाउडस्पीकरबद्दलची त्यांची तक्रार रास्त आहे. शेजाऱ्यांची झोपमोड करून केलेल्या उपासनेची बाजू मी घेणार नाही. पण पुढचे वाक्य मनाला लागले. हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत मी आमच्या माणसांकडूनही ऐकते. "मला प्रार्थना करता येत नाही हो सिस्टर, माझ्या तोंडून शब्दच फुटत नाहीत," असे कितीतरी जणांनी मला सांगितले आहे. प्रार्थनेची एकच रीत खरी, असे कोणीतरी त्यांच्या मनावर बिंबवलेले असते. म्हणून हे पत्र.

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, प्रोटेस्टंट घरात वाढले. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले आणि निवृत्त होईपर्यंत परिचारिका म्हणून काम केले. त्यामुळे प्रार्थनेच्या दोन रीती मला घरातच मिळाल्या आणि तिसरी वॉर्डात.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. आमच्या आजोबा-पणजोबांनी बायबल ऐकले ते मराठीतून. पुढे 1895 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी आम्हाला अभंगातून, भजनातून देवाशी बोलायला शिकवले. तुकोबांचे बोट धरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानणारा तो कवी होता. आमच्या देवळात पेटी, टाळ आणि मृदंग असायचे. लहानपणी मला वाटायचे की सगळ्या जगातले ख्रिस्ती लोक टाळ वाजवतच प्रार्थना करतात. आणि त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे, 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ती 1616 मध्ये छापली गेली आणि चर्चमध्ये गाऊन वाचली जाऊ लागली. समोर बसलेली माणसे ऐकत. ती त्यांची उपासनाच होती. महाराष्ट्र-गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाने देवाला आधी कानांनी ओळखले, हे मी अभिमानाने सांगते.

माझे वडील शेतकरी. रात्रीची जेवणे झाली की चटई टाकली जायची, कंदिलाची वात मोठी व्हायची, एक अध्याय वाचला जायचा आणि मग वडील आपल्याच शब्दांत प्रार्थना करायचे. पुस्तकातली छापील प्रार्थना आमच्याकडे क्वचितच. पाऊस, बैलाचा सुजलेला खूर, धाकट्या भावाची परीक्षा, बांधावरून ज्याच्याशी भांडण चाललेले तो शेजारी, सगळे नावानिशी त्यात येई. शेजाऱ्याचे नाव आले की आई डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघायची, कारण दुपारीच त्यांनी त्याला चार शब्द सुनावलेले असायचे. आमेन झाल्यावर मात्र कोणी उठायचे नाही, असा दंडक होता. "आपलं बोलून झालं, आता जरा त्याला बोलू द्या," म्हणायचे. आम्हा मुलांना तेवढा वेळ फार लांब वाटे. आढ्यावरची पाल बघत बसायचो. पण प्रार्थनेत आपण गप्प बसण्याचाही भाग असतो, हे मी तिथे शिकले.

वसईच्या घरी आले तेव्हा रोजरीची माळ मला परकी होती. माहेरी आमच्याकडे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या शब्दांचा दाखला देऊन तीच तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणण्याला व्यर्थ बडबड म्हणत. सासूबाई भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जायच्या. लगेजच्या डब्यात, टोपल्यांच्या मध्ये उकिडव्या बसून त्यांची रोजरी चाले. हात मोकळे नसत, म्हणून बोटात दहा बोंडांची अंगठी. अंगठ्याने एकेक बोंड मागे सारायचे आणि एकेक नमो मारिया, म्हणजे मरियामातेची प्रार्थना, म्हणायची. दहा झाले की ख्रिस्ताच्या आयुष्यातला पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा: देवदूताचा निरोप, गाईगुरांतला जन्म, बागेतली ती रात्र, क्रूस, उघडी पडलेली कबर. ओठ आपले काम करत आणि मन त्या प्रसंगापाशी बसून राही. मी विचारले, "एवढं तेच तेच म्हणून कंटाळा येत नाही?" त्या म्हणाल्या, "अगं, शब्द शोधायला लागलं तर बघणार कधी?" वाचकमित्रांनी नामस्मरण म्हटले आहे ते हेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांतही "प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर" हे एवढेच वाक्य श्वासाबरोबर दिवसभर म्हणण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे.

सासूबाईंना शेवटी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. "पाणी" म्हणायचे असले तरी म्हणता येईना, नुसते डोळे भरून यायचे. पण डाव्या हातात माळ दिली आणि मी सुरुवात केली, की अख्खी नमो मारिया त्यांच्या तोंडून अडखळत का होईना, शेवटपर्यंत येई. मेंदूला अशी इजा झाल्यावरही पाठ असलेली गाणी, प्रार्थना, एक-दोन-तीन असे आकडे कधी कधी टिकून राहतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी बोंडाबोंडाने जे साठवले, ते सगळे गेल्यावर त्यांच्यापाशी राहिले, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून पाठ प्रार्थनेला यांत्रिक म्हणणाऱ्या आमच्या माणसांशी मी वाद घालते.

आता मौनाबद्दल. बायबलचा एक छोटा उतारा सावकाश वाचायचा, त्यातला एखादा शब्द मनात धरायचा, त्यावर देवाशी बोलायचे आणि मग नुसते बसून राहायचे, ही रीत ख्रिस्ती मठांतून फार जुनी आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पारंपरिक उपासनेत तर सगळे गप्प बसतात आणि कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तरच तो उठून बोलतो. इतके लांब जायचेही कारण नाही. मुंबईत 1931 मध्ये जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी लोणावळ्याच्या साधना संस्थेत कितीतरी धर्मगुरूंना आणि सिस्टरांना पाठ ताठ करून बसायला, श्वासाकडे लक्ष द्यायला, भोवतालचे आवाज शांतपणे ऐकायला शिकवले. त्यांच्या काही विचारांबद्दल रोमच्या धर्मपीठाने 1998 मध्ये सावध केले, हेही सांगायला हवे. पण देवासमोर शांत बसण्याची त्यांनी लावलेली सवय अनेकांच्या आयुष्यात आजही चालू आहे. पुण्यात शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम 1927 पासून आहे. आपल्या मातीतल्या रीतीने, आश्रमाच्या साधेपणाने ख्रिस्ताची उपासना करावी, म्हणून तो उभा राहिला. तेव्हा ध्यान-मौनाला ख्रिस्ती धर्मात जागा नाही, हे खरे नाही.

मोठ्याने रडून केलेल्या प्रार्थनेबद्दलही मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तिला नाव ठेवणे आता सोपे झाले आहे. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये शेकडो मुली एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठमोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या. त्या कोण होत्या ते आधी बघा. दुष्काळात आईबाप गेलेल्या, कोवळ्या वयात विधवा झालेल्या, घराबाहेर काढलेल्या. त्यांना तोवर कोणी "बोल" म्हटले नव्हते. अशा मुलीने देवासमोर पहिल्यांदा तोंड उघडले तर ते हळू आवाजात कसे उघडेल? आणि त्याच छपराखाली रमाबाई दिव्याशी बसून हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध बायबल मराठीत आणत होत्या. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. एका शब्दापाशी थांबणे, तो नीट ऐकणे, मग लिहिणे, ही त्यांची प्रार्थना. दोन्ही केडगावचेच.

वॉर्डातली प्रार्थना मात्र याहून वेगळी. रात्रपाळीला, पहाटे तीनच्या सुमारास, फेरीवर निघाले की प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लावलेला तक्ता उचलायचा, ताप आणि नाडी बघायची आणि तक्ता परत अडकवताना त्या माणसाचे नाव मनात घ्यायचे. एवढेच. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जो असेल त्याचे. हात सलाइनच्या नळीवर असताना लांबलचक बोलायला सवड नसते. एका वृद्ध शिक्षिकेने मला म्हटले होते, "माझ्यासाठी प्रार्थना करू नका, नुसत्या बसा." मी बसले. त्या कण्हत होत्या. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आले होते. त्या खाटेपाशी त्याचा अर्थ लागला.

प्रार्थना कोरडी पडते तेव्हा काय, हेही कोणी फारसे सांगत नाही. आमच्याकडे सभेत उठून साक्ष देतात, म्हणजे आपला अनुभव सांगतात, ती बहुधा "मी मागितले आणि मिळाले" अशी. बायबलमधली स्तोत्रे उघडून पाहा. "हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?" असे तेरावे स्तोत्र सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, प्रसिद्ध झाली. कितीतरी वर्षे देव जवळ असल्याचे आपल्याला जाणवत नाही, असे त्यांनी त्यांत लिहिलेले सापडले. पुष्कळांना धक्का बसला. मला धीर आला. ज्या बाईने रोज पहाटे उठून गुडघे टेकले तिलाही उत्तर ऐकू येत नव्हते, तर शब्द न फुटणाऱ्या माझ्या रुग्णांनी स्वतःला का दोष द्यावा?

आता ज्या गोष्टीसाठी खरे म्हणजे मी लेखणी उचलली, ती. मागण्यापेक्षा ऐकणे अवघड आहे आणि ऐकण्यात धोका मोठा आहे. "देव मला म्हणाला" हे वाक्य आजकाल फार सहज बोलले जाते.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. मधुमेहाची एक बाई रात्री दाखल झाली. श्वास खोल आणि भरभर चाललेला, तोंडाला तो आंबूसगोड वास, जीभ कोरडीठाक, हाक मारली तर जेमतेम पापणी हलत होती. तिला रोज इन्सुलिन लागायचे. एका प्रार्थनासभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगण्यात आले होते की देवाने तुला बरे केले आहे, असे आम्हाला प्रकट झाले आहे, आता सुया घेणे म्हणजे अविश्वास. तिने विश्वासाने सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. रात्रभर आम्ही सलाइन आणि इन्सुलिन चालवले, दर तासाला साखर तपासली. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिचे पहिले शब्द होते, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला." मला त्या वेळी जो संताप आला तो अजून गेलेला नाही. एवढ्या भोळ्या श्रद्धेच्या बाईला मरणाच्या दारात नेऊन वर दोष तिच्याच पदरात!

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट आमच्या रविवारच्या शाळेत प्रत्येक मुलाला शिकवतात. रात्री देवाने त्याला हाक मारली. तो पोरगा तीनदा उठून एली या याजकाकडे धावला, कारण ही हाक कोणाची ते त्याला ओळखता आले नाही. ओळखले ते म्हाताऱ्या एलीने. "बोल, तुझा दास ऐकत आहे," असे म्हण, हेही त्यानेच शिकवले. म्हणजे देवाचा आवाज ऐकायलासुद्धा शेजारी एखादे जाणते माणूस लागते. एकट्याने ऐकले, एकट्यानेच ठरवले आणि दुसऱ्याच्या जिवावर लादले, असे त्या गोष्टीत नाही.

इग्नेशियस लोयोला या स्पेनच्या सरदाराचा पाय 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. अंथरुणाला खिळून असताना त्याच्या लक्षात आले की पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने बघताना मजा वाटते, पण नंतर मन कोरडे पडते. ख्रिस्ताच्या मागे जाण्याचा विचार केला की शांतता मागे उरते. या निरीक्षणातून पुढे त्याने मनातल्या आवाजांची पारख करण्याची शिस्त घालून दिली आणि दिवसातून दोनदा आपल्या वागण्याचा आढावा घ्यायला सांगितले. ड्यूटी संपवून घरी जाताना मी बसमध्ये तो आढावा घ्यायची: आज कोणाशी तुसडेपणाने बोलले, कोणाचे ऐकून घेतले नाही, कुठे अनपेक्षित चांगुलपणा भेटला. कानात आवाज कधी आला नाही. पण अमुक खाटेवरच्या मावशींना उद्या सकाळी आधी भेटायचे, असे मनात येई आणि दुसऱ्या दिवशी कळे की त्यांना खरेच कोणीतरी हवे होते. माझ्यापुरते देवाचे बोलणे ते एवढेच.

पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा." त्याच पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततची एक पीडा, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढे उत्तर मिळाले. त्याचा विश्वास कमी होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? कॅथलिक बायबलमध्ये सिराक नावाचे पुस्तक आहे, आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ते नाही. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात आजारी माणसाला सांगितले आहे की देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. हा अध्याय मला सासरी आल्यावर पहिल्यांदा वाचायला मिळाला. माहेरच्या मंडळींनाही मी तो वाचून दाखवते.

एलिया संदेष्ट्याचे उदाहरण तर मला परिचारिका म्हणून फार जवळचे. "मंद वाणी" म्हणून सगळे होरेब डोंगरावरचा प्रसंग सांगतात. वारा, भूकंप, अग्नी यांत परमेश्वर नव्हता, मग ती शांत, मंद वाणी झाली. पण त्याआधी काय झाले ते वगळतात. एलिया जीव नकोसा होऊन रानात एका झुडपाखाली पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, विश्वास वाढव म्हणाला नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मग चाळीस दिवसांची वाट आणि मग ती वाणी. थकल्या-भागल्या, उपाशी, औषध तोडलेल्या माणसाला देवाचा आवाज ऐकवण्याची घाई देवाला स्वतःला नव्हती.

पत्रलेखक गृहस्थांना मी विनंती करते की एखाद्या संध्याकाळी वसईच्या कुठल्याही गावात, क्रुसापाशी रोजरी चालू असताना मागे उभे राहून बघावे. मागणे त्यांना तिथे ऐकू येईल, पण त्याहून जास्त वेळ माणसे नुसती देवापाशी बसलेली दिसतील.

आणि आमच्या पाळकांना, फादरांना आणि घरोघरी प्रार्थनासभा चालवणाऱ्या भावा-बहिणींना हात जोडून दोन गोष्टी सांगते. प्रत्येक सभेत आमेननंतर पाच मिनिटे कोणीही बोलू नये, पेटीसुद्धा वाजू नये. आणि आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर अवश्य करा, मीही करते. पण ती माणसे उठून जाण्याआधी त्याच माईकवरून स्पष्ट सांगा की गोळ्या आणि इन्सुलिन चालू ठेवा, काही बदलायचे असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून बदला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
वसई